पतीचं नाव सांगा

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "काय रे भूपेश, तूच बनवलं ना ते?" हो, मीच बनवलं! तुम्हाला सांगतो, एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी, घरबसल्या नंबर लावायची वेबसाइट. अक्षरं केवढी? दुकानाच्या पाटीएवढी! तीही दिसत नसतील तर नुसतं बोलायचं, साइट ऐकते. सगळ्यांना वापरता यावं म्हणून बनवलंय हो!

पण ट्रस्टचे अभिनंदनशेठ! "भूपेशभाई, बायांना पतीचं नाव पण विचारा." म्हटलं, शेठ, डोळा बाईचा, नवऱ्याचं नाव कशाला? "असू द्या, पहिल्यापासून विचारतो आपण." बरं, चुकलं तर बदलायचं बटण? "काढा ते! लोक बदलतच बसतात." काढलं. शेठ म्हणतील ती पूर्व दिशा!

परवा धानोऱ्याला घरी गेलो. आईचा मोतीबिंदू पिकलाय, भाकरी तव्यावर पडली की चुलीत, तिलाच कळत नाही. आणि या महिन्याचा एकच नंबर शिल्लक! म्हटलं, आई, तूच लाव, मी मधे बोलणार नाही. आमच्या धंद्यात असंच असतं, वापरणाऱ्याला मदत करायची नाही, नुसतं बघायचं.

"रुग्णाचं नाव सांगा." आई खणखणीत, "भिकुबाई!" स्त्री की पुरुष? "बाई!" गाव? "धानोरा!" मला तर भरून आलं हो. "पतीचं नाव सांगा."

आईने पदर डोक्यावर ओढला. "समजलं नाही. पुन्हा सांगा." आई कुजबुजते, "त्यासनं नाव मी कशी लेऊ रे? तुन्हा बापनं नाव तुले माहीत नही का?" अगं, मला आहे, त्याला सांग! "तो परका माणूस शे ना!" कोण परका? मोबाईल? "वेळ संपली. सुरुवातीपासून सांगा." सगळ्यांना वापरता यावं म्हणून बनवलंय हो! दोनतीनदा हेच. शेवटी म्हटलं, उखाण्यात घे! तर लाजून आत पळाली.

ओट्यावरून वडील तडकले, मोबाईलसाठी हात पुढे. "आन आठे! मी सांगस त्याले!" साइट पुन्हा पहिल्या प्रश्नावर... "रुग्णाचं नाव सांगा." वडील शेतातून हाक मारावी तसे, स्वतःचंच नाव, "नवल!" स्त्री की पुरुष? "पुरुष!" आता पुरुषाला पतीचं नाव कोण विचारतंय? मी नको नको म्हणेपर्यंत लागला नंबर! शेवटचा! वडिलांच्या नावावर! ज्यांना बांधावरून दुसऱ्याच्या शेतातली गाय ओळखू येते! आणि बदलायचं बटण? नाहीच!

शेठना फोन केला. "नंबर लागला ना? मग! साइट छान चालते!" सगळ्यांना वापरता यावं म्हणून...

जाऊ द्या. सोमवारी दोघं निघालेत, तिथेच डॉक्टरांच्या हातापाया पडू म्हणतात. म्हणजे बघा, पेशंट मोटरसायकल चालवणार, आणि जिला दिसत नाही ती पेशंटला सांभाळायला म्हणून मागे बसणार!