माग थांबतो कशानं

न्हाय न्हाय, पाना ठेव खाली, रेवणसिद्धा. बस आधी. भिंतीला टेकवलेल्या सायकलचं चाक अजून फिरतंय आणि तू लगेच खोलायला लागलास — एवढी घाई तर तू पहिल्यांदा आलतास तवाबी केली नव्हतीस. बस, त्या सुताच्या कांड्यांच्या पाटीशेजारी बस. माग थांबलाय तो थांबलाय, पळून जात न्हाय. व्हय, जोतीराम ओरडला असंल तुला निरोप धाडताना — बारा वाजता वेळापूरची माणसं येणार, माझ्या नातीला, मायाक्काला बघायला, आणि घरातला माग बंद! पाहुण्यांपुढं तोंड न धुता बसल्यागत दिसंल, म्हणतोय. पोराचं माझ्या डोकं तापट, बापाचं गार — मधलं देवानं आमच्या घरात काय दिलंच न्हाय. तो गेलाय स्टँडवर पाहुण्यांना आणायला, सून सारजाबाई गेलीय शेजारपाजारी कपबश्या गोळा करायला, आणि मायाक्का आत चुलीपाशी. तर तुला आणि मला एक घंटा हाय. पुरतो. मला तर एक घंटा नुसतं बघायला लागतो.

बघायचं म्हंजे काय, सांगू? आमी मेंढरांमागं फिरलेली माणसं. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून ह्या सोलापुरात येऊन टॉवेल विणतोय, न्हायतर मला ह्या लोखंडातलं काय कळतंय? पण एक मेंढी व्हती आमची — कानावर पांढरा ठिपका — रोज दिवस कलला की ओढ्याच्या कडंला मट्टदिशी बसायची. उठंना. ढकललं तरी उठंना. माझा मेव्हणा धुळा म्हणला, पायात वात हाय — डाग दिला. मग म्हणला, पोटात जंत झाल्यात — पाला वाटून पाजला. मग म्हणला, ओढ्यात कायतरी हाय, नारळ फोडा — फोडला, आणि खाल्ला त्यानंच. मेंढी आपली रोज बसायचीच. मी काय केलं? काय न्हाय केलं. चार दिवस तिच्या मागनं चाललो. आणि चौथ्या दिवशी दिसलं — मेंढी बसली, की माझी बायको बाळाबाई सगळ्यांच्या नजरंआड ओच्यातनं मूठभर मटकी काढायची आणि तिच्या तोंडापुढं धरायची, दमली गं बाई म्हणून. बसलं की मटकी! मग मेंढी का बसंल न्हाय? मीबी बसलो असतो. म्हंजे बिघाड मेंढीच्या पायात नव्हताच, बाळाबाईच्या ओच्यात व्हता. तवापास्नं माझं एकच — एखादी गोष्ट सारखी सारखी अडायला लागली की तिचं पाय नगं बघू. ती अडली की कुणाला काय मिळतंय, ते बघ. हसू नगंस. तुझ्याच कामाचं सांगतोय.

आता हा माग. दोन महिन्यांत सात वेळा थांबला — पहिल्यांदा थांबला तो खरा थांबला, त्यात कुणाचा दोष न्हाय. त्या वेळी जो फिटर आणला जोतीरामनं, तू न्हाय, तुझ्या आधीचा — त्यानं आल्या आल्या हातोडा काढला. पट्टा बदलला, मोटार खोलली, धोटा नवा आणायला लावला, आणि जाताना म्हणला आता वरीसभर बघायला नगं. तो गल्लीच्या तोंडाला गेला नसंल तोवर माग थांबला. जोतीराम म्हणायचा लाईट कमी येतीया. सारजाबाईनं लिंबू-मिरची बांधली — अजून हाय बघ ती, वाळलीय. आणि मग तू आलास. तू हत्यारांची पिशवी उघडलीच न्हाईस. गुडघ्यावर हात ठेवून मागासमोर बसलास आणि बघत ऱ्हाइलास — तासभर! जोतीराम मला आत येऊन म्हणतोय, आबा, ह्या माणसाला झोप लागलीय का बघा जरा. मी म्हणलं, गप, हा आपल्यातला हाय. आणि मग तू बोट ठेवलंस — ह्या काट्यावर. बाण्याचा, म्हंजे आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून बसवलेला हा एवढासा काटा. धागा असला की धाग्यावर टेकून उचलला जातोय, नसला की पडून ऱ्हातोय आणि माग चालू ठेवणारी मूठ सुटतीया. आणि हितं धागा धडधाकट, तरी काटा म्हणतोय धागा न्हाय! का? त्येचा एक इस्क्रू सैल. एवढंच. तू आवळलास, माग सुरू झाला, मायाक्कानं तुला चहा दिला, तू गेलास. आठ दिवस माग वाघागत चालला.

आणि मग परत थांबला. तोच इस्क्रू. परत तू आलास, आवळलास, चहा घेतलास, गेलास — तीन दिवसांनी परत! जोतीराम म्हणाय लागला, हे धूड मोडीत घालतो आणि अक्कलकोट रोडला कुणाच्यातरी कारखान्यात कामाला जातो. चार भिंतींत माग हाय म्हणून घर एका जागी हाय, बाबा — तो बाहेर गेला की सून घरात एकटी, मी ओट्यावर एकटा. तर मी काय केलं? मेंढीमागं चाललो. चुन्याची डबी असतीया माझ्याकडं. तू इस्क्रू आवळून हात धुवायला मोरीत गेलास, तवा मी बोटानं चुन्याची रेघ ओढली — अर्धी रेघ इस्क्रूच्या डोक्यावर, अर्धी खालच्या पट्टीवर, सरळ. इस्क्रू हलला की रेघ मोडणार. मला काय लिहायला येत न्हाय, पण रेघ ओढता येती. मग तू हात धुऊन आलास, चहा घेतलास, आणि उठता उठता म्हणलास — एकदा शेवटचं बघतो. फडक्यानं पुसल्यागत केलंस, आणि गेलास. मी जाऊन बघितलं. रेघ मोडली व्हती, बाबा. पाव फेरा.

आता मान खाली घालून काय उपेग? वर बघ. काय म्हणतोस — मागाच्या हादऱ्यानं? माग बंद व्हता तवा! पाव फेरा सैल केलेला इस्क्रू दोन-चार दिवसांत हादऱ्यानं बाकीचा आपला आपण सैल होतोय — बरोबर हिशेब केलावतास, फिटर हाईस तू. मी जोतीरामला सांगितलं न्हाय. सांगणारबी न्हाय. मी म्हणलं, बघू, इस्क्रू सैल करून ह्या पोराला काय मिळतंय? जादा काम? न्हाय, तू पुढच्या खेपांचं काय घेतलंच न्हाईस. मग काय? चहा! आता चहासाठी कोण सैल करंल, आणि त्यातनं तुला तर चहा सोसत न्हाय — पित्त उसळतंय, लहानपणापास्नं चहाला शिवत न्हाईस, आणि हितं सहा खेपंला सहा कप बशीत वतून वतून—

आं? मला कुणी सांगितलं?

कुणी म्हंजे — सांगितलं. अरं, देवाला गेलतो मी अक्कलकोटला, म्हातारा माणूस जाणारच की देवाला. वाटेत तुझं घर लागलं. वाटेत म्हंजे — तीन कोस आडवाट हाय, व्हय, पण लागलं. तुझी आई, अक्कम्मा, लई मायाळू बाई. ‘बर्री, कूड्री’ — या, बसा — म्हणाली, घोंगडं टाकलं, ताक दिलं. मी म्हणलं, चहा नगं बाई. ती म्हणली, आमच्या घरी चहाची पूडच नसतीया, माझा रेवण चहा पीत न्हाय. तवाच मी मनात म्हणलं, धरला! मग कूळ विचारलं, देवक विचारलं — आपलं एक न्हाय, जमतंय — मामा गुरप्पा सात रस्त्याला ऱ्हातोय हेबी कळलं. मग ती म्हणली, तुमी एवढं का विचारताय? मी म्हणलं, आमचा माग सारखा थांबतोय. तर तिनं ताकाचं भांडं परत भरून दिलं.

तर झालं, आता मी एवढं बोललोच हाय तर ऱ्हायलेलंबी सांगतो. मधी एकदा तू बारा दिवस आला नव्हतास, माग आपला चाललाय चाललाय, आणि कांड्या भरणारी मायाक्का उंबऱ्याकडं बघत बघत भरतीया, धागा गुंततोय — तवा एका मंगळवारी इस्क्रू मीच सैल केला. व्हय, मीच. पैशानं. इस्क्रूच्या खाचंत पैशाचं नाणं बसतंय की. कुणाला सांगू नगंस. सत्तर वर्सांचा धनगर, स्वतःच्या घरचा माग बंद पाडतोय — बाळाबाई असती तर पदरात तोंड घालून हसली असती.

पण मी सैल करून काय उपेग झाला, सांग? तू आलास, आवळलास, चहा प्यालास आणि गेलास! बोलशील म्हणून मी ओट्यावर जाऊन बसायचो, जोतीरामला कायतरी निमित्त काढून बाजारात धाडायचो — आणि तू इस्क्रूशी बोलायचास. मग वेळापूरचं स्थळ आलं. पोरगं मास्तर हाय, शेत हाय, नाव ठेवायला जागा न्हाय. जोतीरामनं तारीख ठरवली, ती तुझ्या कानावर गेली, आणि तू नऊ दिवस ह्या गल्लीत पाय टाकला न्हाईस. मानी हाईस, ते कळतंय मला. माग बघ, नऊ दिवस बिनतक्रार चालला. मी म्हणलं, संपलं. आणि आज सकाळी, पाहुणे यायच्या दिवशी, थांबला — मी म्हणलं, चला, पोरानं जाता जाता पाव फेरा देऊनच ठेवला व्हता, उशिरा का हुईना उपेगी पडला.

काय? न्हाय? गेल्या खेपंला न्हाय केलंस? घट्ट आवळून गेलतास? बघ हं. तुझ्या आईला भेटलोय मी.

थांब, सरक जरा, उजेड येऊ दे. चष्मा कुटं — हा डोक्यावरच. हं. गेल्या खेपंलाबी तू हात धुवायला गेलास तवा नवी रेघ ओढली व्हती मी. रेघ... रेघ सरळ हाय की रं. इस्क्रू हललेलाच न्हाय. मग तू न्हाईस. आणि मी तर आज हात लावला न्हाय, शपथ. मग काटा पडून का ऱ्हायलाय — बघ तू, तुझी नजर चांगली. काय हाय ते, काट्याच्या शेपटाला? गोळी? नख लाव. हळू. कडक हाय व्हय, वाळलीय. दे हिकडं. मेण न्हाय. वंगण न्हाय. पांढरट... वास बघतो — अरं, ज्वारीचं पीठ हाय हे! मळलेलं! एवढीशी गोळी लावली की शेपूट जड होतंय, काटा उचलत न्हाय — आणि इस्क्रूला धक्कासुद्धा न्हाय. माझ्यापरास हुशारीनं केलंय. आणि तुझ्यापरासबी. आता जोतीराम पिठाला हात लावत न्हाय. सारजाबाईला काटा कुटला आणि मूठ कुटली ठावं न्हाय. हा काटा कशानं पडतोय ते कळायला सहा वेळा तुझ्या दुरुस्तीला समोर बसून बघितलेलं माणूस लागतंय—

ऐकलंस? भाकरी थापायचा आवाज थांबला.

मायाक्का! ऐकतियास न्हवं? दाराआड हाईस, बांगड्या वाजल्या तुझ्या. लाजू नगंस, मी रागावलो न्हाय. आज्ज्याला एवढंच सांग — वेळापूरचं का हितलं? बोलू नगंस, बोलायला लागलीस तर ह्याला घेरी येईल. वेळापूरचं पायजे असंल तर भाकरी थापायला घे, मी ह्याला मुकाट घरी धाडतो.

…

न्हाय थापत.

बघ, न्हाय थापत! तव्यावरची भाकरी करपतीया, वास येतोय, पण न्हाय थापत! ऊठ, ऊठ की लेका, दाराकडं काय बघत बसलायस! सायकल काढ. सात रस्ता. गुरप्पा मामाला कॅरेजवर बसव आणि आण, बोलायला मोठं माणूस लागतंय, तू काय बोलणार कपाळ. जोतीरामचं मी बघतो, ओरडंल, मग दमंल. पाहुणे येतील, पोटभर जेवतील, त्यांचा मान मी राखतो, पायावर डोकं ठेवावं लागलं तरी ठेवतो. मामाला म्हणावं, पटका बांधून या, गंजिफ्रॉकवर नगं. आणि जोरात मार सायकल — वेळापूरची एस.टी. कधी वेळेवर येत न्हाय, पण आजचा काय भरवसा? जा. मागं बघू नगंस. जा म्हणलं की!