चिंगीचं नाक

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं, नुसतं माळरान, पाणी नाही की काही नाही. तिथली माणसं एक तर मेंढरं राखायची नाहीतर गलाईला जायची. गलाई म्हंजे सोनं-चांदी शुद्ध करायचं काम, सोनारांकडं जुने दागिने येतात, भेसळीची चांदी येते, ती भट्टीत वितळवायची, तेजाबात म्हंजे ॲसिडात घालायची, साफ करून परत द्यायची. तुम्ही हिंदुस्थानात कुठल्याही शहरातल्या सराफ्यात जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडणारच. माझे मामा असेच इथं झाशीत बसलेले होते. मी सहावीत होतो, ती पण पुरी केली नाही, मामा दिवाळीला गावी आले आणि आईला म्हणाले पोरगं दे माझ्यासंगं, आई म्हणाली घेऊन जा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो.

भित्रा मी तवापासूनच. गाडीत बसल्यापासून मामांच्या शर्टाचं टोक धरलं ते झाशीच्या ठेसनाबाहेर आल्यावर सोडलं. हिंदी येत नव्हती, कुणी मायेनं काए लला, काय रे बाळा, म्हटलं तरी रडायला यायचं. पण एक सांगतो, या गावानं मला वाईट वागवलं नाही. मामांनी कधी हात उगारला नाही, दोन वेळ पोटाला घातलं, धंदा हातात दिला, आणि आजूबाजूची माणसं, ज्यांची माझी जात एक नाही की भाषा एक नाही, त्यांनी सणाला ताट पाठवलं. मी रोज देवापुढं सगळ्यांची नावं घेतो. नावं घ्यायची राहिली तर काही वाईट होईल असं वाटतं, म्हणून पण घेतो.

तर तेजाबाचं सांगत होतो. चांदी तेजाबात टाकली की तांबूस धूर उठतो, पहिल्या वर्षी डोळ्यांतून धारा लागतात, मग लागत नाहीत, आपण म्हणतो सवय झाली. सवय कसली, नाक जात असतं. माझं कवा गेलं ते मलाच कळलं नाही. लग्नानंतर हिरा, म्हंजे आमची मंडळी, ती हिकडं आली, खंडेराव गेटच्या आत ह्याच दोन खोल्या आणि वर ही गच्ची, आणि एक दिवस ती खालनं पाणी घेऊन आली तर मी शेगडीच्या शेजारी बसून पेपरातली चित्रं बघतोय आणि दूध करपून कोळसा झालंय. म्हणाली, अहो, घर पेटलं तरी तुम्ही असेच बसाल का? मी म्हटलं, मला वाटलं तापतंय. ती हसली, मग हसायची थांबली, माझ्या नाकापुढं हिंग धरला, कांदा धरला. काही नाही.

ही गच्ची सगळी तिची, बघा. डालड्याच्या डब्यांत मिरच्या, कढीपत्ता, तुळस, आणि तो कोपऱ्यातला गवती चहा तिनं माहेराहून, आटपाडीहून मुळासकट ओल्या फडक्यात बांधून आणलेला, रेल्वेत सारखं पाणी शिंपडत होती, शेजारची बाई म्हणाली पोर आहे का काय फडक्यात. झाशीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, दगड तापून फुटायची वेळ येते, पण ते बेट मेलं नाही. सराफा बंद असला की आम्ही दोघं संध्याकाळी हिथं चहा घ्यायचो. ती म्हणायची काय वास सुटलाय, आणि मी म्हणायचो व्हय. मला आपलं गरम आणि गोड एवढंच कळायचं. पण तिनं व्हय म्हणायला लावलं की मी म्हणायचो, त्यात माझं काय जात होतं.

आणि कांजी. कांजी तिला खालच्या भाभीनं शिकवली. भाभी म्हंजे आमच्या खाली राहतात, पक्क्या बुंदेली, तोंडाला कुलूप नाही, पण जीव लावला तर असा लावतात. काळी गाजरं चिरायची, मोहरी वाटून घालायची, मीठ, पाणी, बरणीला फडकं बांधून उन्हात ठेवायची, आंबली की होळीला प्यायची. भाभीनं शिकवली आणि पुढं भाभीच म्हणायला लागल्या की मराठा दीदीच्या हाताची हमसे अच्छी. मग सगळ्या गल्लीची कांजी आमच्या गच्चीवर व्हायची.

चिंगी तवा आली. ही बघा, ही. नाल्यात पडलेलं पिल्लू होतं, हिरानं पदरात घालून आणलं, मी म्हटलं चावली तर, रोग असला तर, घरमालक बोलले तर, ती म्हणाली तुमचं झालं की सांगा, तोवर मी हिला दूध पाजते. चिंगीचं कसं आहे, तिला मराठी समजतं सगळं, बोलत नाही, आमचं पोरगं लहानपणी होतं तसंच. पण मी दुकानातनं आलो की ती जवळ यायची नाही. शेपूट पायांत घालायची, कान मागं टाकायची आणि उलट्या पावलांनी जिन्यापर्यंत जायची. मी आंघोळ केली, कपडे बदलले, की मग अंगावर उडी. तेजाबाचा वास. मला न येणारा तिला येत होता.

आणि दुसरी गंमत सांगतो. कांजी आंबत आली की मोहरी चढते, झणका येतो म्हणतात, तर हिरा रोज दुपारी बरणीचं फडकं सोडायची आणि चिंगी पळत येऊन नाक घालायची. ज्या दिवशी कांजी तयार त्या दिवशी चिंगी फटाफट शिंकायची. हिरा वरूनच ओरडायची, भाभी, तांबे घेऊन या, चिंगी शिंकली.

मग हिरा गेली. ताप आला, उतरला, परत आला, दवाखान्यात नेली, आणि गेली. काय सांगू तुम्हाला, मला रडू आलं नाही. लोक रडत होते, भाभी तर भिंतीवर डोकं आपटायच्या बाकी होत्या, पोरगा आला, तो रडला, आणि मी आपला बघत होतो की पाण्याचा नळ कुणी चालू ठेवलाय का. अजून तसंच आहे. दुखत नाही. आपला हात आपल्याखाली दबून झोपलेला असतो ना, दिसतो पण आपला वाटत नाही, तसं. मी तिचं एक लुगडं ट्रंकेतनं काढलं, लोक म्हणतात कपड्यात माणसाचा वास राहतो, तोंडावर धरलं, काही नाही, नुसतं कापड. मग ते चिंगीला अंथरलं. ती त्याच्यावर दोनदा गोल फिरली आणि नाक खुपसून झोपली. म्हटलं असू दे, घरात कुणाला तरी येतोय.

पोरगा आमचा दिलीप, तिकडं खाली तामिळनाडूत गलाईच्याच दुकानात. त्यानं धोसरा लावला. आबा, तुम्हाला वास येत नाही, गॅस राहिला चालू तर कळणार नाही, गावी बंगला बांधलाय तिथं जाऊन राहा, चुलतभाऊ आहेत बघायला. बंगला आहे, खोटं नाही, आमच्याकडच्या सगळ्यांनी बांधलेत, रंग दिलेले, कुलपं लावलेली. मी म्हटलं, आणि चिंगी? तो म्हणाला, आबा, एवढी म्हातारी कुत्री एवढ्या लांब कशी न्यायची, भाभी टाकतील की तुकडा. मग म्हणाला, होळीला येतो, डोळ्यांनी बघतो तुमचं कसं चाललंय, नीट वाटलं तर राहा, नाही वाटलं तर संगंच घेऊन जातो. मी बरं म्हटलं. मी कुणालाही बरंच म्हणतो.

पहिल्या वर्षी घरात सण नव्हता, कांजीचा प्रश्न आला नाही. ती दुसरी होळी. भाभी म्हणाल्या, भैया, कांजी इस बार आप डालो, बैठे-बैठे जंग लग जाएगी. मला वाटलं, बरंच झालं, पोरगा येईल, बघेल की आबा सगळं करतात. पण हिराची बरणी काढली तर तळाला तडा. दुकान आता भाचा बघतो, तिथं मागं एक जुनी चिनी मातीची बरणी पडून होती, ती मागून आणली, सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली. आता तुम्ही म्हणाल, तेजाबाची बरणी? व्हय, तेजाबाचीच. पण आमच्या डोक्यात ते येतच नाही. जन्मभर आम्ही काय केलं, जे घाण असेल ते तेजाबात टाकायचं आणि साफ होऊन बाहेर काढायचं. ज्यात तेजाब राहिलं त्याच्याइतकं साफ भांडं कुठलं, असंच आमच्या हाताला वाटतं. बरणीला आतून बारीक बारीक केसासारख्या भेगा होत्या, त्यात काय मुरलंय ते दिसणार थोडंच.

गाजरं चिरली, मोहरी वाटली, सगळं हिरानं करायची तसं. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी दिलीप यायचा होता. चिंगी काही शिंकली नव्हती, ती बरणीकडं येतच नव्हती, लुगड्यावर पडून असायची, मी म्हटलं म्हातारी झाली, नाक गेलं असंल हिचं पण. चमचाभर चाखली, आंबट लागली, मला आंबट आणि खारट एवढंच कळतं. तांब्या भरला आणि भाभींना खाली देऊन आलो.

वर आलो, चिंगीला उचलून बरणीपाशी आणलं, म्हटलं बघ तरी. आणि तिनं शेपूट पायांत घातली, कान मागं टाकले, आणि उलट्या पावलांनी जिन्यापर्यंत गेली.

मी दुकान सोडून वर्षं झाली. अंगावर धुतलेला सदरा. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि मग बरणीकडं बघितलं.

जिना कसा उतरलो ठाऊक नाही. भाभी, मत पीना, मत पीना. भाभींच्या हातात पेला, नातवापुढं धरलेला. मी तो हातानं उडवला, भिंत सगळी जांभळी झाली. काए भैया, का हो गओ, भांग चढ़ गई का? मी सांगायला लागलो तर मराठीतच सांगत सुटलो, हिंदी सापडेना, नुसतं बरणी, बरणी. भाभींनी तांब्याला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. म्हणाल्या, होली के पहले हमाई तेरहीं कर देते तुम तो, म्हंजे तेरावाच घातला असता त्यांचा.

आणि दारात दिलीप उभा. खांद्याला बॅग. सगळं बघत.

मला वाटलं, झालं. आतून काही वाटलं नाही, एवढंच कळलं की आता ट्रंक कुठली घ्यायची ते बघावं लागेल, आणि चिंगीचं ताट भाभींना दाखवावं लागेल. दिलीप म्हणाला, बघितलंत ना आबा? तुम्हाला नाकच नाही. हेच म्हणत होतो मी. मी मान हलवली. तर भाभी ओल्या भिंतीवर फडकं मारत मारत, त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, नाक कैसे नहीं है? घर में नाक है. कुतिया के पास है. बाप ने पूछा देर से, उसने बताया बराबर. और गैस का? हम नीचे मर गए क्या, दिन में चार बार ऊपर जाते हैं. ले जाओ बाप को, तो कुतिया को भी ले जाओ, आधा आदमी मत ले जाना.

तर कसं काय, दिलीपला हसू आलं. आईसारखंच हसतो तो, आधी खांदे हलतात. होळी झाली, तो राहिला थोडे दिवस, रोज जिन्यावरनं चिंगी माझ्या मागं कशी फिरते ते बघत होता, आणि जाताना नवीन काचेची बरणी आणून ठेवून गेला. मला संगं चला म्हणाला नाही. चिंगीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, लक्ष ठेव.

तीच ही बरणी, यंदाच्या होळीची कांजी घातलेली. आज फडकं सोडून बघितलं, अजून शांत आहे. बाकीचं जग शिंक आली की काम थांबवतं, उंबऱ्यात पाऊल असलं तर मागं घेतं. आमच्याकडं शिंकेवाचून झाकण निघत नाही. हिरा गेल्याचं मला अजून रडू आलेलं नाही, येईल तवा येईल, नाही आलं तर काय करणार. ज्यांनी ज्यांनी मला हिथं राहू दिलं त्यांचं भलं होवो, तुमचं पण. तुम्ही बसा, गवती चहा टाकतो. उकळला की वास कसा सुटलाय तेवढं मला सांगा, मी व्हय म्हणतो.