किशनने जपलेले कागद

(मंगरूळपीरच्या बस स्टँडमागे वकील रुचा यांचं ऑफिस. समोर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा किशन आणि त्याची बायको रंजीता. तिचा उजवा हात कोपरापासून नाही.)

रुचा : एक्स-रेसुद्धा तारखेप्रमाणे लावलेत तुम्ही? किशनभाऊ, माझ्याकडे मास्तर लोक येतात, ते पण असे कागद आणत नाहीत.

किशन : आमच्या तांड्यावरचा एक जन असाच फसला होता म्याडम. पाय गेला त्याचा, पन हाती कागद नोता. तवाच म्या ठरवलं, साधी चिठ्ठी बी फेकाची नाई. औषिधाच्या पावत्या, अँबुलन्सवाल्याची, समद्या हायेत.

रुचा : अपघात कसा झाला ते ताईंना सांगू द्या.

रंजीता : ऊस भरून ट्रॅक्टर निंगाला. आमी बायका वरतं, मोळ्याईवर बसलो होतो. वळनावर ट्रॉली पलटली. हात खाली दबला. पुढचं मले याद नाई.

किशन : डायव्हर पेलेला होता. पोलिसाईनं दवाखान्यातच लिहून घेतलं, ते बी हाय त्या पिवळ्या पिशवीत. ट्रॅक्टरचा इमा चालू हाय. तेबी पाह्यलं म्या.

रुचा : मग केस चांगलीच आहे की. दावा वाशिमला टाकता येतो, अपघात झाला तिकडे, साखर कारखान्याच्या गावी जायची गरज नाही. रंजीताताईंच्या नावानं... थांबा. ही अंजू कोण?

किशन : कोन्ती अंजू?

रुचा : पोलिसांच्या जबाबात, दवाखान्याच्या कार्डावर, एक्स-रेवर. सगळीकडे अंजू वीरेंद्र राठोड. दुसऱ्याच कोणाचे कागद आणले का?

किशन : नाई नाई, हेच हायेत. अंजू म्हंजे माही वयनी. मोठ्या भावाची बायको.

रुचा : त्यांना पण लागलं होतं?

किशन : ती तर तांड्यावर होती. लेकरू लहान हाय तिचं, अवंदा तोडीवर आलीच नाई.

रुचा : मग हे काय आहे?

किशन : हिचं नाव राशनकारडात नोतं. लगन झाल्यावर चढवाचंच राह्यलं. दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले निंगतो, तहसीलात कवा जाव? दवाखान्यात म्हनले, कारडात नाव असन तर सरकारी योजनेत आपरेशन फुकट, नाई तर पैसे भरा. इकडं हिचं रगत थांबून नोतं राह्यलं. भावाले फोन लावला. वयनीनं लगेच तिच्या आधारचा फोटो धाडला. मुकादम बी म्हनला, नाव कोन पाह्यते.

रुचा : आणि पोलिसांना?

रंजीता : खाटेवर अंजू लिहेल होतं. पोलिसानं नाव इचारलं, म्या म्हनलं अंजू. डाव्या हाताचा आंगठा घेतला.

किशन : म्हंजे नाव दुरुस्त करा लागन. उद्याच मानोऱ्याले जाऊन ॲफिडेविट करून आनतो.

रुचा : ही नावाची चूक नाही हो. विमा कंपनीचा वकील म्हणेल, अंजूबाईंना बोलवा. त्या येतील, दोन्ही हात शाबूत. आणि रंजीताताई त्या दवाखान्यात कधी गेल्याच नाहीत, असं कागद म्हणतात.

किशन : हात गेला ते तर दिसते ना?

रुचा : दिसतं. पण त्याच ट्रॉलीखाली गेला, हे कशावरून सांगू मी? मुकादमाच्या वहीत नाव आहे का ताईंचं?

किशन : तिथं जोडी मांडतेत. नवराबायको मिळून एक कोयता. माहं नाव हाय.

रुचा : ट्रॉलीवर होत्या त्या बायका?

रंजीता : त्या पुढच्या साली त्याच मुकादमासंग जातीन. कायले बोलतीन त्या?

रुचा : खरं काय ते सांगून दावा टाकता येतो. तुम्ही म्हणाल तर मी टाकते. पण अंजूबाईंना कोर्टात सांगावं लागेल, आधार मी पाठवलं म्हणून. मग योजनेवाले त्यांच्या मागे लागतील. गुन्हा होऊ शकतो, त्यांच्यावर आणि तुमच्यावर पण. आणि एवढं करून पदरात काही पडेल, असं मला वाटत नाही. कशाला खोटं सांगू?

किशन : वयनी येईन. म्हनलं तर आत्ताच्या आत्ता येईन.

रंजीता : येईन, म्हूनच तिले इचाराचं नाई.

किशन : तुह्या उभ्या जिंदगीचं हाय रंजीता. पुढं मी एकटा किती तोडू?

रंजीता : माही येनी कोन घालते? लुगडं कोन नेसवते? तिनं आधार धाडलं म्हून मी जित्ती हाय. तिले पिंजऱ्यात उभी नाई होऊ देनार. केस नाई कराची म्याडम.

रुचा : बरं. दिव्यांगाचा दाखला तरी काढा, स्वतःच्या नावानं. आणि आधी राशनकार्डात नाव चढवा.

किशन : आता चढवतो. काय उपेग हाय आता, पन चढवतो. तहसीलाच्या पुढून किती खेपा गेलो म्या म्याडम, लै वाईट वाटून राह्यलं.

रुचा : हे कागद इथं ठेवून जायचेत का?

किशन : नाई. घरीच नेतो.

रंजीता : चाला. गाडी निंगून जाईन.

किशन : अन् वयनीले काय सांगू? देवापुढं फोडाले नारळ आनून ठेवला तिनं.

रंजीता : तिच्या आधारचं काईच बोलू नका. जिवाले लावून घेईन ती. म्हना, एक कागद हारपला, म्हून केस नाई लागली.

किशन : माह्यापासून?

रंजीता : तुमच्यापासून.

किशन : ...कोन्ता म्हनू?