पोचल्याशिवाय झाडू नाई

तुमच्या घरी बी कोणी गावाले निघालं का तो पोचेपर्यंत झाडू मारत नाई ना? आमच्या नालवाडीच्या घरी मायचा हा नियम लय कडक हाये. पहिले मी बंगलोरले रेल्वेनं जावो, अख्खा दिवस लागे. माया फोन येईपर्यंत घर तसंच राहे.

यंदा पहिल्यांदा विमानानं गेलो. सकाळी घरून निघालो, नागपूरले विमानात बसलो, अन् पावणेदोन तासात बंगलोर! उतरल्या उतरल्या मोठ्या तोऱ्यात फोन लावला, "माय, पोचलो. मार आता झाडू."

"पोचला बी?" मायचा आवाज नाराज.

"काऊन वं, काय झालं?"

"इतक्या लवकर? हजार किलोमीटर हाये म्हणत होता ना तू?"

"विमान हाये ते, माय. चांगलंच झालं ना!"

"काय चांगलं? तू खाल्लेल्या तुरीच्या शेंगांची टरफलं अजून पलंगाखाली पडून हायेत. रेल्वेनं जात होता तं दिवसभर तशीच राहेत, तू घरातच हाये असं वाटे. पुढच्या वेळी रेल्वेनंच जाजो, बाबू."