शीग लावलेला कप

—नाइ वो खुशी, कपात नाइ ना लिहिलं तिनं, ग्रामात लिहिलं! हे पाह्य, माझ्या सुनेची वही. किसमिस दीडशे ग्राम, खजूर ऐंशी, टूटीफ्रूटी साठ. माझ्या घरी काय सोनाराचं दुकान हाय? तू कॉलेजात जाते, मोबाइलमंधी पाहून सांग, दीडशे ग्राम किसमिस म्हंजे किती कप. उद्या तुझ्याच भावाचा वाढदिवस हाय, केक तुलेच पाह्यजे. — एक कप? बरं. — कोणता कप म्हंजे? हाच, चहाचा. — लहान होते? तं दोन घेतो. सकाळी दोनच घेतले होते मी, शीग लावून. शीग लावूनच वो! आमच्या घरी धानाचा कुडो कधी सपाट मोजला नाइ. मापावर ढीग पाह्यजे, देणाऱ्याचा हात दिसला पाह्यजे. तं सारी किसमिस बुडाशी जाऊन बसली अन् वरून केक खचला. गाईले टाकला. माझी सून रेणू तेच म्हणे — आई, शीग नका लावू, काट्यावर ठेवा. दिवसभर काटा, काटा! चाळीस वर्षं या हातानं मोजलं मी, तं माझा हात खोटा अन् तिचा तो ताटलीएवढा काटा खरा. लोक केकसाठी दारात येऊन 'रेणूताई हाय का' विचारत, मले कोणी विचारे नाइ. राग येते का नाइ माणसाले?

काटा कुठं हाय? हरवला, सांगतलं ना. तिच्या माहेरी, केशोरी गावाले, दिला असन तिनं — माझा अश्विन तेच म्हणाला, तिच्या तोंडावर. तं बॅग भरून गेली. तीन आठवडे झाले. तुझ्या आईले बोलू नको हे. आराम कराले गेली, असंच आपल्या साऱ्या मुर्री गावाले सांगतलं मी. — दुसऱ्याचा काटा मागू? अन् तो विचारन ना, रेणूचा कुठं गेला म्हणून! त्यासाठी तं कपात पाह्यजे मले. आता घरात सारं शोधलं, धानाच्या ढोल्यात काय कोणी हात घालते—

तू तिकडं काऊन पाहून राहिली?

हळू बोल. माझा बुढा तिथंच खाट टाकून झोपला हाय, ढोल्याले टेकून. — हो. मीच टाकला काटा त्या ढोल्यात. दोन दिवस लपवावा, तिची जिरन, मंग सापडला म्हणून द्यावा, एवढंच होतं मनात. पण अश्विननं विचारलं तं त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोलून गेली, मी पाह्यला नाइ. आता कसा काढू? निघाला तं मी खोटी. नाइ निघाला तं रेणू खोटी — अन् तीन आठवडे तेच चालून राहिलं. घास गोड लागत नाइ वो पोरी. ढोल्याजवळ जातो अन् हात उठत नाइ. — फोन? तिले? नको, नको, ठेव तो मोबाइल! काय बोलू मी तिच्याशी, किसमिस किती घालू म्हणून?

हा कप पाह्य. हातानं शीग पाडली. सपाट झाला ना? आता बरोबर हाय ना? — जा आता. उद्या चारले ये, केक होईन, अंदाजानं होईन. — काय? सोमवारी? हो, माहीत हाय मले, सोमवारी ढोला खाली करून धान मिलवर नेणार हायेत. सोमवारले अजून चार दिवस हायेत. जा ना वो तू.