गवा आडवा उभा राह्यला तेव्हा

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात, न आमच्या साऱ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालो, हे आधी लिहून घ्या, गावात त्याची कोनाले किंमत नाही. आता जंगलात गाइड आहो. जिपातले लोक रानगवा पाह्यला की म्हनतात, अरे म्हैस. काय सांगू तुम्हाले, दिवसातून चारदा सांगा लागते, बाबा हो, म्हशीले गुडघ्याखाली पांढरे मोजे असतात काय, मानेपासून अर्ध्या पाठीपर्यंत अशी उंच धार असते काय, कपाळ राखेवानी असते काय. हो हो म्हनतात, न पुढच्या फाट्यावर पुन्हा म्हैस.

पन त्याईचं सोडा, ते बाहेरचे. घरच्याईचं काय करू? गव्याईचा कळप असला तं म्हातारी गाय पुढं चालते, मानूस दिसला की फुसकन आवाज करून सारे पळतात. एकटा नर पळीनच असं नाही. औंदा पोळ्याच्या दुपारी असाच एक, काळा कुळकुळीत, आमच्या नाल्यावर आला. गावात बोंब झाली, महादेवाचा नंदी पोळ्याले आला. मी धावत गेलो तं माही मायच साऱ्याईच्या पुढं, हातात पुरनपोळीचं ताट. आमचे बैल बाशिंग बांधून दारात उभे, न हिचा निवद नाल्यावर.

मी म्हनलं माय, मांगं हो. ती म्हने काऊन कल्ला करतं रे, देव हाये तो. तितक्यात गव्यानं मान खाली घातली न आमच्याकडं अंगाची बाजू करून आडवा चालला, एकेक पाय ताठ टाकत. लोकाईनं हात जोडले, म्हने पाहा, दर्शन देऊन राह्यला. अहो कायचं दर्शन, तो धमकी देऊन राह्यला, मी केवढा आहो पाहा म्हनते, न तरी हटले नाही तं अंगावर येते. हे मी पुस्तकात वाचलं, डोळ्यानं पाह्यलं, पन ऐकते कोन? शेजारचा काका म्हने, कॉलेजात नंदी शिकवत होते काय बे?

मंग मी म्हनलं, माय, देवाले पाठ दाखवत नाहीत, देवळातून निघतं तशी हात जोडून मांगं सरक, ताट तिथंच ठेव. हे मात्र लगेच पटलं. सारं गाव उलट्या पावलानं पार बांधापर्यंत सरकलं, तवा कुठं गव्यानं मुंडी वर केली न नाल्यात उतरला.

आता माय सांगत फिरते, माह्या पोराले देवाची रीत कॉलेजात शिकवली. पुढच्या पोळ्याले तो येईन म्हनते, गूळ आताच बाजूले काढला. मी रोज जंगलात त्याले हात जोडतो, बाबा, सुखी राह्य, खाऊनपिऊन राह्य, पन तिकडंच राह्य.