धडधाकट नसेचं माप

हॅलो?… हो, मीच… थांब गं, गॅस बारीक करते… हां, बोल… कुठला फोटो? तो हॉस्पिटलच्या झग्यातला? बरा आलाय ना?… अगं, ओरडतेस काय… रडतेयस का तू?

ऐक. ऐक ना. मला काहीही झालेलं नाही… लपवत नाहीये. एमआरआय काढला हे खरंय. पण मला काही झालेलं नाही म्हणूनच काढला… नाही, डोकंही ठिकाणावर आहे माझं. अगं, तिथल्या डॉक्टरांना धडधाकट माणसंच हवी होती.

कशाला म्हणजे? हातापायांच्या नसा मोजायला… आता बघ, आजाऱ्याची नस जाड झालीय हे डॉक्टरांनी ओळखायचं कशावरून? आधी चांगली नस केवढी असते ते माहीत नको?… हां. तर माझ्या वयाचं, साखर नसलेलं, पायाला मुंग्या न येणारं माणूस त्यांना सापडेना. मग काय, गेले मिरवत.

छे, दुखतंय कुठलं. सुई नाही, काही नाही. अंगठी तेवढी साबण लावून काढावी लागली… हो, तीच. तुझे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच निघाली… नाही, रडले नाही. घातली लगेच परत.

आवाज मात्र विचारू नकोस. तू लहानपणी डबे बडवायचीस ना, तस्सा. आणि जरासुद्धा हलायचं नाही… मी हलले ना पण. हसू नकोस. कानाला ते हेडफोन, आणि पलीकडच्या खोलीतून मशीनवाली मुलगी म्हणाली, "आई, थोडंच राहिलंय हं."… आई म्हणाली गं… तू म्हणतेस, पण ते फोनवर. हे आपल्या घरातल्या शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटलं. पाय आपसूक उठायला निघाले. झालं, चित्र पुसट. आता पुन्हा बोलावलंय.

काय?… रजा? कधी टाकलीस?… नुसता फोटो बघून?… म्हणजे, म्हणजे तू परवा इथे…

…हो. ऐकतेय… नाही, खरंच ठणठणीत आहे मी… हो, बरोबर आहे. मग कशाला उगीच… तिकीट परत होत असेल तर… कर. कर रद्द. कामं असतात तुला.

…

थांब. ठेवू नकोस.

खोटं नाही बोलणार मी. गुडघासुद्धा दुखत नाही मेला, नाहीतर तोच सांगितला असता. पण असं बघ, कोण कुठले लोक, माझं सगळं चांगलंय म्हणून मला बघायला बोलावतात. चहा देतात, सावकाश या म्हणतात. आणि तू यायचं तर मला काहीतरी व्हायलाच हवं का?… नाही, बोलू दे मला. तुझी आठवण येते गं. दुपारी फार येते. धडधाकट आईला भेटायला ये की…

हॅलो?… आहेस ना?… नाक पूस आधी… काय म्हणालीस?… परवा?… नक्की?…

तुझी खोली? कपाटबिपाट हलवून ठेवलेलं नाही काही. चादर?… स्वच्छ आहे. रोज झटकते ना मी ती… हो, रोज…

ठेव आता. भाजी लागली बघ खाली.